दाताची कॅप : एक साहित्यविचार

किडीने, रूट कॅनालने किंवा दिवाळीतल्या एखाद्या निर्धारी बुंदीच्या लाडवाने दात कमकुवत झाला, की उरलेला भाग चहूबाजूंनी थोडा घासून त्यावर एक संपूर्ण आवरण चिकटवतात. दंतवैद्य त्याला क्राउन म्हणतात. बाकीचा महाराष्ट्र कॅप म्हणतो. हे आवरण कशाचे असावे, या प्रश्नाला आज मुख्यतः पाच उत्तरे आहेत : साधा धातू, सोन्याचा मिश्रधातू, धातूवर भाजलेले पोर्सिलेन, लिथियम डायसिलिकेट ही काचमिश्रित सिरॅमिक आणि झिरकोनिया. यांतले एकही सर्व दातांसाठी सर्वोत्तम नाही आणि नेमके हेच रुग्णाला ऐकायचे नसते. "डॉक्टर, सगळ्यांत बेस्ट कुठली?" असे रुग्ण विचारतो. "कुठल्या दाताला?" असे दंतवैद्य विचारतो. रुग्णाच्या चेहऱ्यावर यानंतर जो भाव उमटतो, तो पैसे वाढणार असल्याची चाहूल लागलेल्या माणसाचा असतो.

प्रतिप्रश्नामागे पैसे नसून जोर असतो. जबड्याचा सांधा कानापुढे आहे आणि दात त्या सांध्याच्या जितका जवळ, तितका त्याच्यावर पडणारा दाब अधिक. धडधाकट माणूस पहिल्या दाढेवर पन्नास-साठ किलो वजनाइतका जोर लावू शकतो. पुढच्या पटाशीच्या दातांवर त्याच्या निम्म्याहूनही पुष्कळ कमी. म्हणून दाढेला ताकद हवी, पटाशीला रूप हवे. रुग्णाचा विचार नेमका उलट चालतो. पुढच्या दाताच्या कॅपबद्दल तो विचारतो, "सुपारी फोडता येईल ना?" मागच्या दाढेच्या कॅपबद्दल विचारतो, "फोटोत दिसेल का?" सुपारीसाठी अडकित्ता नावाचे अवजार आहे आणि दुसऱ्या दाढेपर्यंत पोहोचणारा फोटो फक्त एक्स-रेचा असतो, ही माहिती दोन्ही वेळा सौम्यपणे द्यावी लागते.

पुढच्या आणि मागच्या दातांच्या मधल्या उपदाढांचा प्रदेश वादग्रस्त आहे. तिथे रूप हवे की ताकद, हे त्या माणसाचे हसू किती दूर जाते यावर ठरते. पासपोर्टच्या फोटोतले हसू सुळ्यापाशी थांबते. वऱ्हाडात नाचतानाचे हसू पहिल्या दाढेपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे निवडीआधी रुग्णाला हसवून पाहण्याची पद्धत आहे. पण दंतवैद्याच्या खुर्चीत आडवे पडून, छातीवर प्लास्टिकचा रुमाल आणि डोळ्यांवर दिवा असताना मनमोकळे हसणे सर्वांना साधत नाही. अशा वेळी दंतवैद्य विनोद सांगतो. रुग्ण शिष्टाचार म्हणून जेवढे हसतो, तेवढ्यावर उपदाढेचे साहित्य ठरते. सोबत आलेल्या पत्नीला विचारणे अधिक विश्वासार्ह. ते खरे हसू कसे दिसते आणि शेवटचे केव्हा दिसले होते, या दोन्हींची नोंद तिच्याकडे असते.

साहित्याआधी आणखी एक गोष्ट पाहावी लागते : दात किती उरला आहे. रूट कॅनाल झालेला दात आतली नस गेल्यामुळे ठिसूळ होतो, अशी समजूत आहे. तो कमकुवत होतो तो मुख्यतः किडीने आणि उपचाराने त्याचा बराच भाग नाहीसा झालेला असतो म्हणून. हिरडीच्या वर सर्व बाजूंनी दीड-दोन मिलिमीटर उंचीची निरोगी दाताची भिंत उरली असेल, तर कॅप तिला कवेत घेऊन दात फुटण्यापासून वाचवते. ती भिंत नसेल, तर वर सोने चढवा की झिरकोनिया, निकालात फारसा फरक पडत नाही. रुग्णाच्या बाजूने या भिंतीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे वेदना थांबणे. रूट कॅनालनंतर दुखायचे थांबते, 'कॅप पुढच्या महिन्यात बघू' असे ठरते, पुढचा महिना लग्नसराईत जातो, त्यापुढचा पोरांच्या शाळेच्या फीमध्ये. मग एके दिवशी रुग्ण कागदाच्या पुडीत दाढेचा अर्धा तुकडा घेऊन येतो आणि 'साधा भातच खात होतो' असे शपथेवर सांगतो. दंतवैद्यकाच्या इतिहासात भातातल्या खड्याइतके आरोप दुसऱ्या कोणत्याही पदार्थावर झाले नसतील.

पहिला पर्याय साधा धातू. यात बहुधा निकेल-क्रोमियम किंवा कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू असतो. गुणांच्या यादीत ही कॅप बरीच वर येते. ती पातळ असली तरी चालते, म्हणून दात कमी घासावा लागतो. ती फुटत नाही. आणि सर्वांत स्वस्त असते. दोष एकच : ती चांदीसारखी चमकते. मागच्या दाढेला ही कॅप सुचवून 'तिथे कोणाला दिसणार?' असे म्हटले, की रुग्ण दोन बोटांनी गाल कानापर्यंत ओढून 'हे काय, दिसतेय' असे सिद्ध करतो. समाजात वावरताना आपण गाल ओढत नाही, हा युक्तिवाद फारसा चालत नाही. खरी सावधगिरी निकेलबाबत हवी. काहींना निकेलची ॲलर्जी असते आणि तिचा पुरावा बहुतेकदा तोंडात नसून कानात सापडतो. खोटे कानातले घातले की ज्यांची कानाची पाळी खाजते, चिघळते, त्यांनी ही तक्रार दंतवैद्याला सांगावी. पण ती सांगितली जात नाही, कारण दातांच्या डॉक्टरला कानाचे काय सांगायचे, असे वाटते. शिवाय कानातले खोटे होते हे सासूबाईंसमोर उघड होते.

मुलांच्या दुधाच्या दाढांसाठी तयार मापाच्या स्टेनलेस स्टीलच्या कॅप मिळतात. अमेरिकेत १९५० च्या सुमारास त्या वापरात आल्या आणि अजून टिकून आहेत, कारण दुधाच्या दाढेने आपली मुदत भरेपर्यंत काम करावे, एवढीच अपेक्षा असते. या कॅपबद्दल आईवडिलांना संकोच वाटतो. मूल मात्र वर्गात जाऊन आपला रोबोटचा दात दाखवते आणि मधल्या सुट्टीत त्याच्याभोवती रांग लागते. धातूची कॅप अभिमानाने मिरवणारा हा एकमेव वयोगट होय.

दुसरा पर्याय सोन्याचा. याचा इतिहास सर्वांत जुना. इटलीत रोमनांच्या आधी नांदलेल्या एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांत सोन्याच्या पट्टीने बांधलेले दात सापडले आहेत. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या रोमन 'बारा पाट्यां'च्या कायद्याने मृताबरोबर सोने पुरायला बंदी घातली होती; त्याला अपवाद होता तो दात बांधलेल्या सोन्याचा. मराठी घरांत याच्या उलट प्रथा आहे. एरवी सोने गळ्यात, कानात, नाकात, हातात आणि बँकेच्या लॉकरमध्ये असते; तोंडात त्याचा कणभर तुकडा ठेवतात तो माणूस गेल्यावर, तुळशीपत्राबरोबर. त्यामुळे दाढेसाठी सोने सुचवणारा दंतवैद्य अशुभ बोलल्यासारखा वाटण्याचा संभव असतो. पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने मात्र दाढेवर सोने अजूनही मापदंड आहे. शुद्ध सोने फार मऊ, म्हणून त्यात तांबे, चांदी, पॅलेडियम असे धातू मिसळतात. उच्च दर्जाच्या मिश्रधातूत मौल्यवान धातू किमान ६० टक्के आणि एकूण मिश्रधातूत सोने किमान ४० टक्के असते. ते गंजत नाही, समोरच्या दाताला झिजवत नाही आणि १९०७ मध्ये शिकागोच्या विल्यम टॅगार्ट यांनी दंतवैद्यकात रूढ केलेल्या मेणाच्या साच्याच्या ओतकामाने त्याची कड दाताला फार नेमकी बसते. अडचण हिशेबाची आहे. दाढेच्या एका कॅपला दोन-तीन ग्रॅम मिश्रधातू लागतो आणि मराठी गृहिणी तो मनातल्या मनात लगेच वजनात धरते. या सोन्याला घडणावळ आहे, मोड नाही, सुनेला देता येत नाही आणि तारण ठेवायचे तर मालकाला सोबत जावे लागते.

तिसरा पर्याय धातूवर पोर्सिलेनचा, दवाखान्यात ज्याला 'सिरॅमिक कॅप' म्हणतात तो. नुसत्या पोर्सिलेनची कॅप त्याआधीच झाली होती. डेट्रॉइटचे दंतवैद्य चार्ल्स लँड यांनी प्लॅटिनमच्या पातळ पत्र्यावर पोर्सिलेन भाजून ती बनवली. दिसायला ती सुरेख होती, पण जोर पडला की फुटायची. लँड यांचा नातू चार्ल्स लिंडबर्ग १९२७ मध्ये एकट्याने, विनाथांबा अटलांटिक महासागर पार करून गेला. आजोबांच्या कॅपला दाढेवर जेवण पार पाडणे अवघड जाई. उपाय सापडला तो १९६० च्या दशकाच्या आरंभी. आतून धातूची पातळ टोपी, तिचा रंग झाकणारा अपारदर्शक थर आणि त्यावर दातासारखे पोर्सिलेन. ही जोडी जमते ती औष्णिक प्रसरणाच्या हिशेबावर. भट्टीतून बाहेर आल्यावर धातू पोर्सिलेनपेक्षा किंचित जास्त आकसतो आणि पोर्सिलेनला दाबात ठेवतो. पोर्सिलेनला दाब सोसतो, ताण सोसत नाही. हा हिशेब चुकला की संसार मोडतो आणि पोर्सिलेनचा टवका उडतो.

टवका हा या कॅपचा पहिला दोष. दुसरा म्हणजे हिरडीपाशी दिसणारी काळसर रेघ. काही वर्षांनी हिरडी थोडी मागे सरकते आणि कॅपची धातूची कड उघडी पडते. पुढच्या दाताला अशी कॅप असलेले लोक हसताना वरचा ओठ खाली ओढून धरायला शिकतात. त्यांच्याबद्दल 'फार मितभाषी माणूस' असा लौकिक पसरतो. दाढेला मात्र ही कॅप अजून चांगले काम देते. अनेक घरांतल्या काकांच्या तोंडात ती वीस-वीस वर्षे टिकली आहे आणि त्या काकांना नव्या साहित्याविषयी बोलायला बोलावले जात नाही. ते आपणहून येतात.

चौथा पर्याय लिथियम डायसिलिकेट. ही काचेतच वाढवलेल्या स्फटिकांची सिरॅमिक. सुईसारखे बारीक स्फटिक एकमेकांत गुंतून काचेला बळकट करतात. वाकवून मोडण्याच्या चाचणीत जुने पोर्सिलेन साधारण शंभर मेगापास्कलच्या आतबाहेर मोडते; हे साहित्य चारशेच्या आसपास तग धरते. प्रकाश यातून काही प्रमाणात आरपार जातो, म्हणून पुढच्या दातांना ते खरोखर शोभते. प्रकाश आरपार जातो याचा अर्थ मागचेही थोडे दिसते. आतला दात रूट कॅनालनंतर काळा पडला असेल किंवा आत धातूचा खांब असेल, तर तो रंग वर डोकावतो. मग ज्या गुणासाठी हे साहित्य निवडले, तोच गुण झाकण्यासाठी ते जाड करावे लागते. आणखी एक सोय म्हणजे ते दाताला फक्त बसत नाही, चिकटते. आतल्या बाजूची काच हायड्रोफ्लोरिक आम्लाने खरवडून, सिलेन लावून, रेझिन सिमेंटने जोडले की कॅप आणि दात एकजीव होतात. हे करताना दात पूर्ण कोरडा लागतो. रुग्णाला 'दोन मिनिटे जीभ हलवू नका' असे सांगितले, की आजवर शांत असलेली जीभ नेमकी तिकडेच काय चालले आहे ते पाहायला येते.

पाचवा पर्याय झिरकोनिया, आणि सध्याचे सर्व कौटुंबिक वाद याच्याभोवती फिरतात. झिरकोनियम हे मूलद्रव्य बर्लिनच्या मार्टिन क्लापरोट यांनी १७८९ मध्ये झिरकॉन या खनिजात ओळखले. हे खनिज केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या वाळूतही मिळते. त्याचे ऑक्साइड म्हणजे झिरकोनिया. साधे झिरकोनिया भट्टीतून थंड होताना स्फटिकाची रचना बदलून फुगते आणि तडकते. त्यात थोडे इट्रियम ऑक्साइड मिसळले की ते स्थिर राहते. या साहित्याची खुबी अशी, की त्यात एखादी चीर पुढे सरकू लागली तर चिरेच्या टोकाशी असलेले स्फटिक रूप बदलून फुगतात आणि चीर दाबून धरतात. त्यामुळे त्याची ताकद हजार मेगापास्कलच्या आसपास जाते. हा आकडा दवाखान्यात सांगितला, की मेगापास्कल म्हणजे काय हे न विचारता रुग्ण समाधानाने मान डोलावतो. हजार कशाचेही असले तरी चारशेपेक्षा बरे.

कॅप घडवताना झिरकोनियाचा पांढरा, मऊ ठोकळा संगणकावरच्या आराखड्याप्रमाणे यंत्रावर कोरतात. तो सुमारे पंधराशे अंश सेल्सिअसला भाजताना जवळजवळ पाचव्या हिश्शाने आकसतो, म्हणून आधी कॅप मुद्दाम मोठी कोरतात. हे सारे ऐकून प्रभावित झालेल्या रुग्णाला पुढची गोष्ट सहसा सांगत नाहीत. ती अशी, की हेच झिरकोनिया इट्रियम किंवा तत्सम स्थिरक भरपूर घालून घनाकृती स्फटिकांत वाढवले, की त्याचा 'अमेरिकन डायमंड' होतो. म्हणजे लग्नाला घातलेल्या नथीतले खोटे खडे आणि दाढेवरची महागडी कॅप एकाच कुळातली निघतात. फक्त एकीची पावती जपून ठेवतात आणि दुसरीची लपवून. या नात्याला व्यावहारिक महत्त्व आहे. मूळचे झिरकोनिया मजबूत पण दुधाळ, निस्तेज दिसते. ते अधिक पारदर्शक व्हावे म्हणून इट्रियमचे प्रमाण वाढवतात. त्याने घनाकृती स्फटिक वाढतात, चमक येते आणि ताकद जवळजवळ निम्म्यावर उतरते. म्हणून 'झिरकोनियाच बसवा' एवढे सांगणे अपुरे आहे. दाढेचे झिरकोनिया आणि पटाशीचे झिरकोनिया यांचे आडनाव तेवढे एक असते. काही ठिकाणी मजबूत झिरकोनियावर देखणे पोर्सिलेन चढवतात. मग कॅपची ताकद हजारची आणि वरच्या थराची शंभरची होते आणि टवका उडण्याची जुनी परंपरा नव्या किमतीत चालू राहते.

कॅप जितकी जाड, तितका दात जास्त घासावा लागतो. दाढेच्या माथ्यावरून धातूसाठी किंवा अखंड झिरकोनियासाठी साधारण एक मिलिमीटर, लिथियम डायसिलिकेटसाठी दीड, धातूवरच्या पोर्सिलेनसाठी दीड ते दोन मिलिमीटर जागा करतात. घासलेला दात पुन्हा वाढत नाही. 'दात अजिबात न घासता कॅप बसवा' अशी विनंती अधूनमधून होते. ती मान्य केली तर जेवताना फक्त तेवढाच दात दुसऱ्या दाताला टेकेल आणि बाकीचे तीस प्रेक्षक राहतील.

समोरच्या दाताचाही विचार करावा लागतो. त्याला मात्र कोणी विचारत नाही, कारण त्याला कॅप नसते आणि म्हणून मतही नसते. झिरकोनिया इतके कठीण, तर ते समोरचा दात झिजवून टाकेल, अशी भीती वाटते. झिजवते ते कठीणपणापेक्षा खरखरीतपणामुळे. नीट पॉलिश केलेले झिरकोनिया समोरच्या दाताशी सभ्यपणे वागते. चकाकी उडालेले खडबडीत पोर्सिलेन त्याला किसून काढते. म्हणून कॅप बसवल्यानंतर उंच लागणारा भाग घासला असेल, तर तो पुन्हा गुळगुळीत करणे हे निवडीइतकेच महत्त्वाचे. झोपेत दात खाणाऱ्यांच्या बाबतीत तर हिशेब निराळाच. दिवसभर साहेबांसमोर गप्प बसलेला माणूस रात्री जबड्याने जे उत्तर देतो, त्यात पोर्सिलेनचा निभाव लागणे अवघड असते. अशांना धातू किंवा मजबूत अखंड झिरकोनिया बरे, आणि रात्री लावायला नाइट गार्ड. आपण दात खातो हे या लोकांना मान्य नसते. शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीची साक्ष पुरेशी असते.

रंगाची निवड हा या प्रक्रियेतला सर्वांत लोकशाही टप्पा. त्यासाठी छटांची पट्टी असते. व्हिटा या जर्मन कंपनीची १९५६ पासूनची सोळा छटांची पट्टी जगभर चालते. ए, बी, सी, डी असे चार गट आणि आकडा वाढेल तशी छटा गडद. सलूनपासून बिर्याणीपर्यंत सर्व काही ए-वन असण्याची सवय लागलेल्या माणसाला आपला दात ए-थ्री आहे हे स्वीकारायला धीर लागतो. पण वयाबरोबर दात गडद होतातच आणि कॅप शेजाऱ्यांशी जुळली पाहिजे. एकच ए-वन कॅप बसवली तर ती उठून दिसत नाही. बाकीचे दात पिवळे उठून दिसतात. सर्वच दात उजळ करायचे असतील तर ब्लीचिंग आधी करावे, कारण कॅप नंतर उजळत नाही. छटा भेटीच्या सुरुवातीलाच पाहावी. तोंड बराच वेळ उघडे राहिले की दात सुकतो आणि आहे त्याहून पांढरा दिसतो. एका दिव्याखाली जुळलेले दोन रंग दुसऱ्या दिव्याखाली वेगळे पडतात, म्हणून दिवसाचा उजेड चांगला. साडी दुकानाच्या दारात उजेडात नेऊन पाहिल्याशिवाय न घेणाऱ्या स्त्रिया या बाबतीत मूळचीच शास्त्रशुद्ध दृष्टी घेऊन येतात. दुकानात जशा त्या सोबत आणलेल्या पुरुषाचे मत विचारतात आणि घेत नाहीत, तसेच इथेही होते. लिपस्टिक मात्र पुसावी लागते. तिच्या शेजारी कोणत्याही दाताचा खरा रंग कळत नाही.

प्रयोगशाळेतून कॅप येईपर्यंत ॲक्रिलिक किंवा तत्सम रेझिनची तात्पुरती कॅप बसवतात. ती मुद्दाम कच्च्या सिमेंटने लावतात, म्हणजे नंतर सहज निघेल. या सिमेंटमध्ये बऱ्याचदा युजेनॉल असते. लवंगेच्या तेलातला हाच मुख्य घटक. त्यामुळे आजीबाईंना 'आमचाच उपाय शेवटी' असे म्हणण्याची संधी मिळते. काही पक्की रेझिन सिमेंटे मात्र युजेनॉलच्या अवशेषामुळे नीट घट्ट होत नाहीत, तेव्हा आजीबाईंच्या उपायाला रजा द्यावी लागते. तात्पुरती कॅप चिकट पदार्थांनी निघून येते. तिळगूळ, चिक्की आणि काजूकंद या काळात टाळावेत. ही सूचना पाळली गेली की नाही, ते संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या गर्दीवरून कळते.

एवढी माहिती घेऊन रुग्ण घरी जातो आणि खरी निवड तिथे होते. आत्येभावाची मुलगी पुण्यात डेंटलच्या दुसऱ्या वर्षाला असते. तिला फोन होतो. दुसऱ्या वर्षातले विद्यार्थी अजून प्लास्टरचे दात घडवत असतात, पण मत देताना तज्ज्ञाइतका वेळ घेत नाहीत. अमेरिकेतला मुलगा तिथली किंमत रुपयांत सांगतो. त्यानंतर इथली कोणतीही कॅप स्वस्त वाटते आणि निर्णय झिरकोनियाच्या बाजूने झुकतो. किमतीचा क्रम सर्वसाधारणपणे साधा धातू, धातूवर पोर्सिलेन आणि नंतर पूर्ण सिरॅमिक असा चढता, सोने बाजारभावाप्रमाणे. गुणवत्तेचा क्रम यापेक्षा वेगळा असू शकतो, ही शक्यता कुटुंबाच्या बैठकीत विचारात घेतली जात नाही.

निर्णायक ठरते ते वॉरंटी कार्ड. प्रयोगशाळा कॅपबरोबर पाच, दहा किंवा पंधरा वर्षांचे कार्ड देतात आणि रुग्ण साहित्याऐवजी वर्षे निवडतो. कार्डावर दाताचा क्रमांक ४६ असा लिहिलेला पाहून अनेक जण दचकतात, कारण माणसाला बत्तीसच दात असतात. त्यातला ४ म्हणजे खालच्या जबड्याची उजवी बाजू आणि ६ म्हणजे मध्यरेषेपासून सहावा दात, पहिली दाढ. वॉरंटी असते ती कॅपच्या साहित्याला. आतल्या दाताला, हिरडीला, रूट कॅनालला आणि समोरच्या दाताला ती लागू नसते. कॅप मोडणे हे तर तिच्या अपयशाच्या कारणांपैकी फक्त एक. वरीलपैकी कोणत्याही रूढ साहित्याच्या एकेरी कॅप पाच वर्षांनी शंभरात नव्वदहून अधिक जागेवर असतात. ज्या जातात त्यांपैकी बऱ्याच खालचा दात किडल्याने, मुळाला चीर गेल्याने किंवा कॅप सुटून आल्याने जातात. कॅपला कीड लागत नाही. ती जिथे संपते त्या कडेखाली दाताला लागते. तिथला ब्रश आणि दोन दातांमधला दोरा कोणत्याही कार्डात समाविष्ट नसतो. सेफ्टी पिनने दात कोरण्याची सवय तर वॉरंटी न वाचताही रद्द समजावी.

सारांश असा काढता येतो. मागच्या दाढेला, जागा कमी असताना किंवा दात खाण्याची सवय असताना, धातू किंवा मजबूत अखंड झिरकोनिया. परवडत असेल आणि घरात वाद होणार नसेल तर सोने. पहिल्या दाढेला झिरकोनिया किंवा धातूवर पोर्सिलेन. उपदाढेला हसण्याच्या रुंदीप्रमाणे लिथियम डायसिलिकेट किंवा पारदर्शक झिरकोनिया. पटाशीला आतला दात स्वच्छ असेल तर लिथियम डायसिलिकेट, काळा असेल तर तो झाकणारी अपारदर्शक टोपी आणि तिच्यावर पोर्सिलेन. ज्यांच्या कानाच्या पाळ्या खाजतात त्यांना निकेल नाही. थोडीच कीड असून दात शाबूत असेल, तर कॅपच नको, फिलिंग पुरे. आणि हिरडीवर धरायला दातच उरला नसेल, तर तो काढून इम्प्लांट बसवतात. मग हाडात टायटॅनियमचा स्क्रू जातो, तीन-चार महिने वाट पाहावी लागते, आणि शेवटी त्या स्क्रूवर एक कॅप बसवायची असते, जी कशाची असावी हे पुन्हा घरी विचारून ठरवतात.